रिकाम्या सीटचे भाडे

वडापच्या धंद्यात माणसाला 'शीट' म्हणतात. "दोन शीट कमी हायेत, आली की निघू," असे चालक सांगतो तेव्हा त्याच्या गाडीतल्या गाद्या कोणी चोरून नेलेल्या नसतात. दोन माणसे यायची राहिलेली असतात. शिरूरहून न्हावऱ्याला, न्हावऱ्याहून चौफुल्याला किंवा दौंडहून पाटस-कुरकुंभला ज्याने नित्य प्रवास केला आहे, त्याने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेले असते, की ते ऐकून तो घड्याळाकडेही पाहत नाही. आत बसलेली आठ-दहा माणसे रस्त्याकडे डोळे लावतात. लांबून कोणी पिशवी सावरीत येताना दिसला, की सगळ्यांच्या मनात एकच विचार: हा आपल्याच गाडीचा असो. लग्नात वरातीची वाट पाहतात तेवढी सोडली, तर परक्या माणसाची इतकी आतुर प्रतीक्षा आपल्याकडे दुसरीकडे कोठे होत नसेल.

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात उबर आणि लिफ्ट या मोबाइलवरून टॅक्सी पुरवणाऱ्या दोन कंपन्यांनी जवळजवळ एकाच वेळी एक स्वस्त सोय सुरू केली. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन-तीन अनोळखी माणसांना एका मोटारीत बसवायचे, वाटेत एकाला घ्यायचे, दुसऱ्याला सोडायचे आणि प्रत्येकाकडून पूर्ण टॅक्सीपेक्षा कमी भाडे घ्यायचे. सप्टेंबर २०१५ मध्ये उबरने हा 'पूल' बंगळुरूत आणला, त्याच वर्षी ओलाचे 'शेअर' आले आणि पुढे पुण्यातली तरुण मंडळीही असा प्रवास करू लागली. माझ्या भाच्याने त्या दिवसांत ही नवलाई मला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितली. सगळे ऐकून मी म्हटले, "म्हणजे वडाप."

"नाही हो मामा, यात अल्गोरिदम असतो. कोणाला कोणाबरोबर बसवायचं, वाटेत कुठे वळायचं, सगळं तो ठरवतो."

मी त्याला सांगितले, की हे काम आमच्याकडे क्लीनर पोरगा करतो, आणि शिवाय म्हातारीचे गाठोडेही टपावर चढवतो.

विनोद बाजूला ठेवू. या दोन व्यवस्थांत एक मोठा फरक आहे आणि तो हिशेबाचा आहे. माझी उभी नोकरी बँकेत गेली; त्यामुळे कोणताही धंदा पाहिला, की तोट्याची रक्कम शेवटी कोणाच्या खात्यावर पडते ते आधी शोधायचे, ही खोड जडली आहे. प्रवासी वाहतुकीत तोट्याचे मूळ एकच, रिकामी सीट. भाजीवालीची उरलेली मेथी दुसऱ्या दिवशी अर्ध्या भावात तरी जाते. सुटलेल्या गाडीतली रिकामी सीट कायमची गेली. डिझेल तेवढेच जळते, टायर तेवढेच झिजतात. त्या सीटचे भाडे कोणीतरी भरतेच. कोण भरते, यावरून त्या व्यवस्थेचा स्वभाव ठरतो.

एसटीने या प्रश्नाचे एक उत्तर दिले. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला गेली, ती शिरूरवरूनच, घोड नदी ओलांडून. त्याआधी रस्त्यावर खासगी मोटारी होत्याच, आणि भरल्याशिवाय हलायचे नाही हा त्यांचा शिरस्ता. एसटीचा नवेपणा असा, की गाडी भरो न भरो, वेळ झाली की कंडक्टर डबल बेल देणार. सहा किलोमीटरचा टप्पा, टप्प्याला ठरलेले तिकीट, आणि रिकाम्या सीटचा बोजा महामंडळावर. म्हणजे गर्दीच्या मार्गांवरच्या प्रवाशांवर, आणि तेही पुरले नाही तर सरकारी तिजोरीवर. महामंडळात याला 'भारमान' असा भारदस्त शब्द आहे. आडमार्गावरच्या फेरीचे भारमान घसरले, की ती फेरी आधी उशिरा येते, मग एक दिवसाआड येते आणि मग पाटीवरून पुसली जाते.

त्या पुसलेल्या जागेत वडाप उभे राहिले. त्याचे उत्तर अगदी उलटे: रिकामी सीट घेऊन निघायचेच नाही. म्हणजे त्या सीटचे भाडे आधीच बसलेल्या माणसांच्या वेळेतून वसूल होते. पहिला बसलेला माणूस सगळ्यात जास्त भाडे भरतो, अर्धा-पाऊण तासाच्या रूपाने. शेवटी धावत येऊन बसलेला सगळ्यात कमी. तिकीट मात्र दोघांचे सारखे. म्हणून जाणती माणसे गाडीत आधी बसत नाहीत. ती समोरच्या टपरीवर चहा पीत उभी राहतात आणि एकच शीट कमी आहे अशी हाक ऐकली, की पेला ठेवून निघतात. अडचण अशी, की सगळेच जाणते झाले तर गाडी भरायची कशी? त्यावरही तोड आहे. गाडी रिकामी दिसू नये म्हणून चालकाचे दोन-तीन दोस्त आत बसून राहतात आणि खरी माणसे आली की एकेक करून उतरतात. मोबाइलच्या नकाशावर जवळपास फिरणाऱ्या चिमुकल्या मोटारी दिसतात, त्या पाहून मला नेहमी या दोस्तांची आठवण होते.

वेळेने भागले नाही, तर उरलेली वसुली अंगाने होते. पुढे चालकाशेजारी तीन, मधे चार, मागे समोरासमोरच्या बाकांवर सहा की आठ हे त्या दिवसाच्या बाजारावर. स्वतः चालक अर्धा दाराबाहेर. "मावशी, जरा सरकून घ्या, तात्या, पाय आत." यातल्या धोक्याचे कौतुक करण्यासारखे काही नाही. टपावर आणि मागच्या पायरीवर माणसे घेऊन धावणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि त्यातली एखादी उलटली की घरोघर काय होते तेही पाहिले आहे. पण ही गर्दी केवळ चालकाच्या हावेतून येते असे जे म्हटले जाते, त्याबद्दल बँकेच्या टेबलापलीकडून दिसलेली एक गोष्ट सांगायला हवी.

२ ऑक्टोबर १९९३ रोजी पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. सुशिक्षित बेरोजगाराला धंद्यासाठी कर्ज, माणशी प्रकल्पाची मर्यादा एक लाख, अनुदान पंधरा टक्के आणि तेही जास्तीत जास्त साडेसात हजार रुपये. एक लाखात जीप बसत नसे. मग दोन-तीन मित्र एकत्र येत, किंवा एखाद्याचा बाप बैल विकून मार्जिनचे पैसे उभे करी. आकुर्डीच्या कारखान्यातली ट्रॅक्स, महिंद्राची कमांडर अशा गाड्या गावोगाव आल्या त्या या काळात. अर्जासोबत प्रकल्प अहवाल लागे. तो टंकलिखित आणि अत्यंत निर्दोष असे. नऊ आसने, पाऊण भरणा, दिवसाला अमुक खेपा, महिन्याला अमुक उत्पन्न, हप्ता वजा जाता शिल्लक. पोरगा सही करायचा आणि गालातल्या गालात हसायचा. न्हावऱ्याच्या एका चालकाने मला पुढे खरा ताळेबंद एका वाक्यात सांगितला. "साहेब, नवव्या शीटापर्यंत डिझेल, मिस्त्री आणि माझी भाकरी. दहावं शीट तुमच्या बँकेचं."

कागदावर नऊ आणि रस्त्यावर चौदा, या दोन आकड्यांच्या मधल्या पाच माणसांवर त्या कर्जाची परतफेड उभी होती. 'हप्ता' हा शब्द मी आयुष्यभर एकाच अर्थाने वापरला. वडापवाल्याला तो दोन अर्थांनी वापरावा लागे, आणि दुसऱ्या हप्त्याची पावती मिळत नसे. कारण रस्त्यावर त्याची बाजू कायद्याने नेहमीच लंगडी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन प्रकार आहेत. एक टप्पा वाहतूक: ठरल्या मार्गावर वाटेत माणसे घेत-सोडत जाणे. हा हक्क प्रामुख्याने एसटीचा. दुसरी कंत्राटी वाहतूक: गाडी संपूर्ण भाड्याने द्यायची, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायची, आणि कंत्राटात नसलेल्या कोणालाही वाटेत चढवायचे-उतरवायचे नाही. काळ्या-पिवळ्या जीपला फार तर या दुसऱ्या प्रकारचा परवाना. कित्येकींना तोही नसे. न्हावऱ्याच्या वाटेवर एखाद्या वस्तीपाशी हात करणाऱ्या म्हातारीला गाडीत घेतले, की कायदा मोडला. एसटी स्थानकापासून दोनशे मीटरच्या आत उभे राहायचे नाही, हा आणखी एक नियम. ते दोनशे मीटर कोणी टेपने मोजले असतील असे वाटत नाही, पण शिरूरला असो की दौंडला, कोणत्या झाडापर्यंत ते येतात हे प्रत्येक चालकाला पाठ असते.

गंमत अशी, की जगातल्या बड्या कंपन्या जेव्हा या धंद्यात उतरल्या तेव्हा त्याही याच झाडापाशी अडल्या. जानेवारी २०१७ मध्ये कर्नाटकच्या परिवहन खात्याने ओला आणि उबर यांना त्यांची शेअर-पूल सेवा थांबवायला सांगितले. कारण तेच: तुमचा परवाना कंत्राटी वाहतुकीचा, आणि तुम्ही वाटेत माणसे घेता-सोडता. बंगळुरूच्या वातानुकूलित मोटारीला आणि न्हावऱ्याच्या कमांडरला एकच कलम लागू पडलेले पाहून मला, खरे सांगायचे तर, थोडे बरे वाटले.

परंतु कलमापेक्षा त्यांची खरी अडचण रिकाम्या सीटची होती. पूलमध्ये कमी भाडे आधीच ठरे. दुसरा प्रवासी मिळो न मिळो, तुम्ही सवलतीचे भाडे द्यायचे आणि गाडी लगेच निघायची. वडापमधले वाट पाहणे गेले, अंग चोरून बसणे गेले. मग त्या सीटचे भाडे कोणी भरले? काही दिवस कंपनीने, म्हणजे तिच्यात पैसे गुंतवणाऱ्यांनी. उबरला २०१९ या एका वर्षात साडेआठ अब्ज डॉलर तोटा झाला. तो सगळा पूलचा नव्हे, पण स्वस्त भाड्याची सवय लावण्याच्या धोरणाचा त्यात मोठा वाटा होता. थोडा भार चालकांवर पडला; दोन ठिकाणी वळा, तीन ठिकाणी थांबा, आणि हाती त्या मानाने फारसे जास्त नाही, म्हणून पूलचे बोलावणे आले की ते कपाळाला आठ्या घालीत. मार्च २०२० मध्ये करोना आला आणि अनोळखी माणसांनी शेजारी बसणे हाच अपराध झाला. दोन्ही कंपन्यांनी ही सेवा थांबवली. अमेरिकेत उबरने ती २०२२ मध्ये पुन्हा आणली, तेव्हा सवलतीचा मोठा भाग दुसरा प्रवासी मिळाला तरच मिळेल अशी मेख मारली होती. लिफ्टने २०२३ मध्ये नादच सोडला.

अमेरिकेला तरी हे नवीन नव्हते. १९१४ साली लॉस एंजेलिसमध्ये लोकांनी फोर्डच्या मोटारी काढून ट्रामच्या रस्त्यावर माणशी पाच सेंटांत उतारू न्यायला सुरुवात केली. त्या पाच सेंटांच्या नाण्याचे बोलीतले नाव 'जिटनी', तेच गाडीला पडले. वर्षभरात ते लोण देशभर पसरले, ट्राम कंपन्यांचे उत्पन्न घटले, मग नगरपालिकांनी परवाने, जामीन, मार्गबंधने घालून चार-पाच वर्षांत तो धंदा जवळजवळ मोडून काढला. तुर्कस्तानात अशाच गाडीला 'डोल्मुश' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच मुळी 'भरलेली'.

ही व्यवस्था कोठे सुखाने चालते आणि कोठे रखडते हे पाहायचे, तर शिरूर आणि दौंड या दोन शेजारच्या तालुक्यांइतके चांगले उदाहरण नाही. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. मनमाडचा फाटा तेथून १८७८ मध्ये निघाला. पुण्याला पास काढून जाणारे हजारो. गाडी फलाटाला लागली, की एका दमात शे-दोनशे माणसे बाहेर पडतात आणि रिक्षा दोन मिनिटांत भरतात. कोणालाच वाट पाहावी लागत नाही, कोणतीच सीट रिकामी जात नाही. चौकशीच्या खिडकीपेक्षा रिक्षावाल्याला गाडी किती उशिरा आहे ते नेमके ठाऊक असते. काही गाड्या आता मुख्य स्थानकात न येता कॉर्ड लाइनच्या स्थानकावर थांबतात. तेथेही हे लोक वेळेवर हजर. माणसे लोंढ्याने येतात तेथे वाटणी सोपी. शहरातल्या ज्या भागांत कचेऱ्या एका वेळी सुटतात, तेथेच ॲपवाल्यांचाही पूल नीट चालत असे.

शिरूरहून न्हावऱ्यावरून पारगावजवळ भीमा ओलांडून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर माणसे लोंढ्याने येत नाहीत, ठिबकतात. सकाळी बोरा महाविद्यालयाची मुले-मुली, दवाखान्याचे पेशंट, तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी निघालेले. मग दुपारभर शुकशुकाट. येथे गाडी चालते ती ओळखीवर. चालकाला कोणती मुलगी कोणत्या वस्तीची, कोणाच्या आजोबांना पुढची सीट लागते, कोणाचे औषध शिरूरहून आणायचे आहे, हे ठाऊक असते. मोटारीच्या पंपाचा सुटा भाग, डबा, निरोप, सगळे त्याच गाडीतून जाते. पैसे नसले तर "उद्या द्या." बायका मधल्या सीटवर, पुरुष मागे, ही मांडणी कोणी लिहून दिलेली नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपवाल्या कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात वाटणीच्या प्रवासात बाईला फक्त बायकांबरोबर जाण्याचा पर्याय द्यावा असे म्हटले आहे. चांगलेच केले. अनोळखी चालकाच्या गाडीत नकाशा, नोंद आणि तक्रारीची सोय हे मोठे आधार आहेत, आणि ओळखीच्या गावात ओळखीचाच माणूस त्रास देणारा निघाला तर वडापमध्ये मुलगी कोणाकडे तक्रार करणार, हाही प्रश्न आहेच. तरीही रात्री मुलगी घरी यायची असली, की आई विचारते ते "कोणाची गाडी?" असे. ते नाव म्हणजे जामीनदार.

ही गाडी आता विरळ होत चालली आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. त्या सहा महिन्यांत तालुक्याचे दळणवळण वडापनेच तोलून धरले, आणि भाडेही त्याने मनाप्रमाणे वाढवले, हेही खरे. मग वारे फिरले. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट. मायबहिणी एसटीकडे वळल्या. योग्यच आहे, वर्षानुवर्षे सासर-माहेर एवढाच प्रवास करणारी बाई अर्ध्या तिकिटात देवदर्शन करून येते, याचा आनंद वाटतो. पुरुषांनी आणि कॉलेजच्या पोरांनी मोटारसायकली घेतल्या. रांजणगावच्या कारखान्यांना त्यांच्या स्वतःच्या बस आहेत. राहिले कोण? ज्यांच्याजवळ मोटारसायकल नाही आणि ज्यांच्या वेळेला एसटी नाही, ते.

त्यांच्यासाठी ॲप येईल का? महामार्गावर ते आलेच आहे. फ्रान्समध्ये निघालेले ब्लाब्लाकार २०१५ पासून आपल्याकडे आहे. स्वतःच्या मोटारीने निघालेला माणूस इंधनाच्या खर्चापुरते पैसे घेऊन रिकाम्या जागी कोणाला तरी बसवतो. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर या रस्त्यांना ही रचना शोभते, कारण गाडी तशीही जाणारच असते. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानेही ॲपवरच्या वाहनांसाठी धोरण मंजूर केले. पण महामार्ग सोडून वळले, की पुढच्या वस्तीला तशीही कोणी जाणार नसतो. मुद्दाम जावे लागते.

मुद्दाम जाणारा एक चालक माझ्या ओळखीचा आहे. शिरूरहून न्हावऱ्याकडे त्याची शेवटची खेप संध्याकाळी साडेसातला असते. कधी चार शीट, कधी तीन. बहुतेक वेळा कॉलेज करून कोठे तरी क्लास किंवा काम आटोपलेल्या मुली आणि दुकानात कामाला असलेली एखादी बाई. शालेय मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत असतो, पण पास चालायला गाडी हवी, आणि त्या वेळेला त्या वाटेची गाडी नाही. भरेपर्यंत थांबायचे म्हटले तर रात्रभर थांबावे लागेल. म्हणून हा माणूस आपल्या धंद्याचा पहिला नियम मोडून, साडेसात वाजले की तीन शीटांवर निघतो. मी त्याला विचारले, की परवडते कसे. तो म्हणाला, "सकाळी याच पोरी भरून नेल्या, साहेब. संध्याकाळी रस्त्यावर सोडून कसं चालंल? आणि सोडल्या तर सकाळी तरी येतील व्हय? बाप घरीच बसवील."

सगळ्या चर्चेतला मला सापडलेला नेमका हिशेब हाच आहे. सकाळच्या भरल्या गाडीने संध्याकाळच्या रिकाम्या सीटचे भाडे भरायचे. ॲपच्या लेखी प्रत्येक खेप स्वतंत्र. सकाळी कोण आले होते याचे संध्याकाळी त्याला देणेघेणे नसते. एसटीला हा हिशेब जमू शकतो, तिच्या जन्माचे प्रयोजनच ते. पण भारमानाचा तक्ता फेरीनिहाय मांडतात, आणि त्यात साडेसातची फेरी सकाळच्या सातच्या फेरीची पाठराखीण आहे, हे लिहायला रकाना नाही. निदान मुलींच्या वेळांपुरता तरी तो तक्ता दिवसाचा एकत्र मांडावा, असे माझे मत आहे. आणि जेथे एसटीला गाडी देणे शक्यच नाही, तेथे अशा चालकाला टप्प्याचा परवाना, आसनांची काटेकोर मर्यादा आणि संध्याकाळच्या खेपेपुरती मदत, हा व्यवहार सरकारला एका रिकाम्या बसपेक्षा स्वस्त पडेल.

त्याची गाडी आता पंधरा वर्षांची होत आली आहे. नवी घ्यायची म्हणून तो बँकेत जाऊन आला. प्रकल्प अहवालाचा छापील नमुना घेऊन तो माझ्याकडे आला होता. रोजची शीट किती, या रकान्यापाशी अडला होता. "सकाळची लिहितो," तो म्हणाला. "संध्याकाळची तीन लिहू का नको? लिहिली तर साहेब म्हणतील, ही खेप बंद करा."

मी त्याला लिहायला सांगितले, आणि पुढे वेळही घालायला सांगितली.